तुम्ही विचारलंत म्हणून: ती खुर्ची मुलांना का देतो

"सर, ख्मेर रूजच्या बाजूने बोलायला तुम्ही आमच्या मुलांना लावता तरी कसं?" दर वर्षी एखादी आई किंवा एखादे बाबा हे विचारतातच. ख्मेर रूज म्हणजे कंबोडियात एकेकाळी सत्तेवर असलेले जहाल कम्युनिस्ट. आईबाबा काळजीपोटी विचारतात, म्हणून नीट सांगतो.

पुण्यात मी कॉलेजच्या मुलांसाठी मॉडेल यूएनच्या (मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन बसतात ती नकली संयुक्त राष्ट्रसभा) धर्तीवर तीन दिवसांच्या वाटाघाटी घेतो. विषय एकच, कंबोडियातलं युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी, १९८८ ते १९९१. पहिली दोन वर्षं ख्मेर रूजची खुर्ची मी रिकामीच ठेवली होती. १९७५ ते १९७९ या काळात ज्यांच्या राजवटीत सुमारे सतरा लाख माणसं उपासमारीने, राबवून घेतल्याने आणि छळाने मेली, त्यांची पाटी कुणाच्या पुढ्यात ठेवायची? दोन्ही वर्षी दुसऱ्याच दिवशी दुपारी करार झाला, टाळ्या पडल्या. मला मात्र घरी जाताना फार अस्वस्थ वाटलं. सगळ्यात अवघड माणूस खोलीबाहेर ठेवून मुलांनी शांतता मिळवली होती, आणि तसं कधी घडलंच नव्हतं.

व्हिएतनामच्या फौजांनी ७ जानेवारी १९७९ला नॉम पेन्ह घेतलं. तरी त्याच सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कंबोडियाची जागा पदच्युत ख्मेर रूज राजवटीकडेच ठेवली, ७१ विरुद्ध ३५ मतांनी. मुलांना हा आकडा आधी खराच वाटत नाही. मग थायलंडची पाटी असलेली मुलगी नकाशा उघडते, व्हिएतनामी सैन्य आपल्या सीमेवर येऊन ठेपलंय हे तिला दिसतं, आणि ती गप्प होते. भारताने १९८०मध्ये व्हिएतनामने नॉम पेन्हला बसवलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली, म्हणून भारताचा प्रतिनिधी ताठ मानेने बसतो. पण आसियानची, म्हणजे थायलंडसह आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाची, मुलं त्याच्यापासून चार हात लांब राहतात. तेव्हाही दुरावा आलाच होता.

पहिला दिवस इंडोनेशियातल्या बोगोरच्या बैठकीचा, जुलै १९८८. व्हिएतनामचं म्हणणं, हे कंबोडियाचं घरातलं भांडण आहे, आम्ही त्यात पक्ष नाही. म्हणून आधी फक्त चार कंबोडियन गट बसले, नंतर व्हिएतनाम, लाओस आणि आसियानचे देश. बसण्याच्या या क्रमावर मी अख्खी सकाळ देतो. माझ्या मते खरी मुत्सद्देगिरी तिथे आहे, भाषणात नाही. उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस मी ठेवतच नाही.

त्या खुर्चीला अटी आहेत. बसणाऱ्याने आधी ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगातून वाचलेल्यांच्या साक्षी वाचायच्या. हत्यांचं समर्थन करायचं नाही. बोलायचं ते शस्त्रं खाली ठेवण्याबद्दल, चारही गटांच्या मिळून बारा जणांच्या राष्ट्रीय परिषदेत कुणाला किती जागा याबद्दल. शेवटी खुर्चीवरून उठून, स्वतःच्या नावाने, आपल्याला काय वाटतं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

तिसऱ्या दिवशी पॅरिसचा शांतता करार, ऑक्टोबर १९९१. मसुद्यात 'वंशसंहार' हा शब्द नाही. त्या जागी आहे 'भूतकाळातील धोरणे आणि प्रथा'. गेल्या वर्षी नॉम पेन्ह सरकारचे पंतप्रधान हुन सेन यांची बाजू मांडणारी मुलगी सहीच करेना. तिच्या पक्षाने तो शब्द वर्षानुवर्षं लावून धरला होता. पाऊण तास खोली थांबली. मग कुणीतरी आठवण करून दिली की थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत साडेतीन लाखांवर माणसं घरी परतायची वाट पाहत आहेत. तिने सही केली आणि पेन टेबलावर आपटलं.

सह्या झाल्यावरच पुढचं सांगतो. ख्मेर रूजने शस्त्रं खाली ठेवली नाहीत, १९९३च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. आणि पॅरिसला त्यांच्यातर्फे बसलेले ख्यू साम्फान? नोव्हेंबर १९९१मध्ये ते नॉम पेन्हला पोचले, तेव्हा जमावाने त्यांना रक्तबंबाळ केलं. त्याच दिवशी त्यांना देश सोडावा लागला. नोव्हेंबर २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कंबोडियात चाललेल्या न्यायालयाने त्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं. मसुद्यातून गेलेला तो शब्द निकालपत्रात आला.

गेल्या वर्षी त्या खुर्चीवरच्या मुलाने हे ऐकलं आणि पुढ्यातली पाटी पालथी घातली. नंतर तो आणि ती मुलगी तासभर जिन्यात बसून वाद घालत होते, की न्यायाला सत्तावीस वर्षं लागली ती त्या सहीमुळे, की सही झाली म्हणूनच निदान तेवढा तरी मिळाला. मी मध्ये पडलो नाही. हॉलला कुलूप लावायचं होतं, ते थांबवलं.