वहीतला लाजेचा रकाना

नोंद पाचवी, आणि ती लिहायला अडीच महिने लागले. ‘देश आणि बाई’ हा विषय धरून जोड्या लावायच्या, आधी पुस्तक मग पडदा, असं गणपतीत ठरवलं तेव्हा वाटलं होतं की वर्षात बारा सहज होतील. झाल्या चार. पाचवी अर्धी पडून आहे.

वही मात्र भरतेय. सुरुवातीला तिच्यात दोन रकाने होते, ‘देवी’ आणि ‘बाई’. तिसऱ्या जोडीपर्यंत ते निकामी झाले, कारण प्रत्येक नायिका दोन्हीकडे बसायला लागली. आता एकच रकाना ठेवलाय: ‘लाज’. लाज, अब्रू, इज्जत, शील यातला कुठलाही शब्द आला की पान किंवा मिनिट टिपायचं आणि पुढे दोन उत्तरं लिहायची. लाज कुणाची? राखणार कोण?

या नव्या रकान्यासाठी ‘कीचकवध’ परत काढलं. (ग्रंथालयातली प्रत. बांधणी सुटलीय, पानं मी दोऱ्यानं बांधून परत केली.) पहिल्या नोंदीत मी या नाटकाचं नुसतं राजकारण लिहिलं होतं, तेही शाळेच्या उत्तरपत्रिकेसारखं: खाडिलकर, १९०७, कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, सैरंध्री (वेष पालटलेली द्रौपदी) म्हणजे हिंदुस्थान, १९१० साली बंदी. सगळं बरोबर. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानंही त्याच साली आपल्या पुस्तकात हे रूपक असंच उलगडून ठेवलंय. कर्झनचं नाव नाटकात कुठेही नसताना थिएटरातल्या प्रत्येकाला ते कळत होतं. पण माझ्या लक्षातच आलं नव्हतं की त्या काळी सैरंध्री रंगवायचा तो पुरुष. देशाच्या अब्रूसाठी अख्खं नाटकगृह पेटून उठायचं आणि ती अब्रू लुगडं नेसून उभ्या असलेल्या नटाची असायची. बाई रंगमंचावर नव्हतीच. राखणार कोण, हा सगळा वाद मवाळ-जहालांचा, म्हणजे पुरुषापुरुषांतला. रकान्यात लिहिलं: ‘लाज द्रौपदीची, भांडण भावाभावांचं.’

आता दुसरी जोडी, जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. इथे पुस्तक नाही, एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे आहेत: मेहबूब खान यांचा १९४० चा ‘औरत’ आणि त्यांनीच १९५७ साली त्याच गोष्टीवर केलेला ‘मदर इंडिया’. दोन्हीत राधा, दोन्हीत बिरजू, आणि दोन्हीत सुखीलाला सावकार एकच, कन्हैयालाल. ज्यांनी एकच पाहिलाय त्यांनी लागोपाठ दोन्ही बघा, एवढा आग्रह आहे. सतरा वर्षांत गोष्ट जवळपास तीच राहिली. बदललं ते नाव. औरतची मदर झाली आणि मागे देश येऊन चिकटला.

ते नावही रिकामं नव्हतं. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी याच नावाचं पुस्तक लिहून हिंदू समाज, बालविवाह, बाळंतपणं यांची लक्तरं काढली होती. गांधीजींनी त्याला गटारं तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. मेहबूबनी तेच नाव उचलून उलटं फिरवलं. एका बाईनं आमच्या बायकांची दशा दाखवून देशाला लाज आणली, तर घ्या, आमची बाई ही अशी.

सुरुवातीलाच म्हातारी राधा हातात ढेकूळ घेऊन बसलेली. आजूबाजूला ट्रॅक्टर, यंत्रं. कालव्याचं उद्घाटन तिच्या हस्ते. मध्यावर गाण्यात गावकरी मिळून नकाशा उभा करतात, तो फाळणीआधीच्या हिंदुस्थानचा. हे मला दुसऱ्यांदा पाहताना दिसलं, पहिल्यांदा मी चहा ओतत होते. आणि शेवट: राधाचा मुलगा बिरजू सावकाराची मुलगी रूपा हिला पळवतो, राधा बंदूक उचलते. मुलगा देईन, गावची लाज देणार नाही, अशा अर्थाचं ती बोलते.

इथे माझा रकाना पहिल्यांदा अडला. लाज रूपाची, पण शब्द ‘गावची’. राखणारी बाईच, पण तेवढ्यासाठी तिला पोटचा पोर मारावा लागतो. आणि ज्या रूपासाठी हे सगळं, तिला कुणी काही विचारत नाही. आईला (वय ८१) फोन केला. ती म्हणाली, “नर्गिस रडली की आमची अख्खी रांग रडायची. रूपा कोण गं?”

तिसरी जोडी ‘पिंजर’. अमृता प्रीतम यांची कादंबरी १९५० ची, चंद्रप्रकाश द्विवेदींचा सिनेमा २००३ चा, पूरो म्हणजे आपली उर्मिला मातोंडकर. पळवून नेलेल्या पूरोच्या हातावर ‘हमीदा’ हे नवं नाव गोंदतात, आणि पळून आई-बापाच्या दारात आली तर ते तिला परत घेत नाहीत. फाळणीनंतर मात्र सगळ्यांनाच आपापल्या बायका परत हव्या असतात. हे वाचताना १९४९ चा अपहृत व्यक्तींबाबतचा कायदा काढून पाहिला. त्यात ‘अपहृत’ म्हणजे सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. कोणत्याही वयाची! चाळिशीतल्या बाईलाही ‘मला जायचं नाही’ म्हणायची सोय नाही. हा कायदा लागू राहिला १९५७ पर्यंत. मी वहीत मागे गेले आणि ‘मदर इंडिया’च्या सालाभोवती लाल गोल केला.

पूरो शेवटी वहिनी लाजोला सोडवून परत पाठवते आणि स्वतः तिला पळवणाऱ्या रशीदकडे, पाकिस्तानात, राहते. या सिनेमाला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला, आणि त्या पुरस्काराला तेव्हा नाव होतं नर्गिस दत्त यांचं (२०२४ साली ते काढलं). असं काही सापडलं की या छंदाचे सगळे पैसे वसूल. सिनेमा मला थोडा जास्तच सजवलेला वाटला. कादंबरी कोरडी आहे आणि म्हणून जास्त लागते.

चौथी, ‘घरे-बाइरे’, थोडक्यात उरकते, कारण तिच्यावर आधीच बरंच लिहिलं गेलंय. स्वदेशीवाला संदीप मित्राच्या बायकोला, बिमलाला, देश म्हणून डोक्यावर बसवतो आणि तिच्याकडून घरच्याच तिजोरीतल्या गिन्न्या चोरून घेतो. पूजा आणि वसुली एकाच वाक्यात. रवींद्रनाथांची कादंबरी (१९१६) तिच्या जखमी नवऱ्याला, निखिलेशला, पालखीतून आणतात तिथेच थांबते, तो जगेल की नाही हे कळत नाही. सत्यजित राय (१९८४) मात्र बिमलाला पांढरं नेसवून मोकळे होतात. मी कादंबरीच्या बाजूनं.

अर्धी राहिलेली पाचवी म्हणजे बंकिमचंद्रांचा ‘आनंदमठ’. कादंबरी (१८८२) झाली. सगळे ‘वंदे मातरम्’पाशी थांबतात, मी शांतीपाशी अडकलेय. ही नवऱ्यामागे संन्याशाच्या वेषात बंडखोरांच्या मठात शिरते, पुरुषाचं नाव घेते, लढते. ‘कीचकवध’मध्ये पुरुष बाई होऊन देश झाला होता, इथे मातेसाठी लढायचं तर बाईला पुरुष व्हावं लागतं. लाजेच्या रकान्यात तिच्यापुढे काहीच लिहिता येईना. शेवटी रेघ मारून ठेवलीय. १९५२ च्या सिनेमात गीता बाली शांती झाल्यात. माझ्याकडच्या प्रतीचा आवाज फार फुटतो. कुणाकडे बरी प्रत असेल तर कळवा, रविवारी बसायचा विचार आहे.