रबरचे लायनर आणि किलोचा रकाना : माझा अनुभव

आमच्या बॉल मिलमधले (आत गोळे टाकून माल दळणारं फिरतं पिंप) स्टीलचे लायनर, म्हणजे आतलं अस्तर, काढून रबरचे बसवले, त्याला बरेच महिने झाले. मिल झकास चालली आहे, आवाजही खूप कमी झालाय. तरी परचेसचा तो तुलनात्मक तक्ता आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून हे लिहितोय.

तांत्रिक बाजू सरळ होती. दळण ओलं, गोळे लहान, स्लरी (पाणी आणि दळलेल्या मालाचा रबडा) कोमट. रबरला याहून चांगली जागा नाही. (कोरड्या, तापणाऱ्या मिलमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका. ७०-८० अंशांपुढे नैसर्गिक रबर टिकत नाही, आणि स्लरीत तेल येत असेल तर ते फुगतं.) कोटेशनं आली आणि फाइल परचेसच्या टेबलावर जाऊन बसली.

तक्त्यात दोन रकाने : 'दर प्रति किलो' आणि 'कडकपणा, ब्रिनेल' (धातूंचा कडकपणा मोजायचं माप). स्टीलसाठी केलेला नमुना, वर्षानुवर्षं तोच. आता स्टीलची घनता ७.८ आणि रबरची १.२ च्या आसपास. तीच जागा झाकायला रबरचं वजन कितीतरी कमी लागतं, त्यामुळे किलोचा भाव काढला की रबर महागच दिसणार. फाइल परत आली, त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलचा गोल. मी वजनाचा खुलासा जोडला. मग कडकपणावर अडली. रबरचा कडकपणा शोअर ए मध्ये मोजतात, लायनरला साधारण ६०. शेरा आला, 'स्टीलपेक्षा मऊ, दर्जा कमी'. अहो, मऊ आहे म्हणूनच तर टिकतं! गोळा आदळला की रबर दबतं, मार पचवतं आणि पुन्हा जागेवर येतं. हे समोर बसून सांगितलं, लिहून दिलं, पुरवठादाराचं पत्र जोडलं. उत्तर एकच : 'रकाना रिकामा ठेवता येत नाही.' इकडे जुने लायनर झिजत चाललेले, बोल्टांतून स्लरी ठिबकतेय, शटडाऊनची तारीख जवळ येतेय.

शेवटी मी तो तक्ता भरायचं सोडलं आणि वेगळा कागद केला. संचाची किंमत, बसवायची मजुरी आणि मिल बंद राहिल्याचं नुकसान यांची बेरीज, भागिले त्या लायनरच्या आयुष्यात दळला जाणारा माल. दर टनाचा खर्च! त्यावर उत्पादन आणि वित्त दोन्ही विभागांच्या सह्या घेतल्या. मग मात्र कुणी ब्रिनेल विचारलं नाही. तुम्ही हा कागद पहिल्याच दिवशी फाइलला लावा.

बसवायचं काम फिटर मंडळींनी सहज उरकलं. लिफ्टर बारच्या (गोळे आणि माल वर उचलणारी रबरची उंच पट्टी) पोटात धातूची खाच असते. तिच्यात टी-बोल्टचं डोकं सरकवायचं, बोल्ट शेलच्या (मिलचं बाहेरचं पोलादी पिंप) भोकातून बाहेर काढून आवळायचा, की शेजारच्या रबरच्या शेल प्लेट लिफ्टरखाली दाबून बसतात. मात्र भोकांची मापं ऑर्डरआधी शेलवरूनच घ्या, जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. मिल कुठल्या दिशेने फिरते तेही लिहून द्या, लिफ्टरचा उतार त्यावर ठरतो. चालू केल्यावर काही तासांनी थांबवून सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. रबर दबतं आणि बोल्ट सैल पडतात.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं : रबर बसल्यावर शेलवर बाहेरूनसुद्धा वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करू देऊ नका. आतलं रबर पेटू शकतं. आमच्याकडे हे आता वर्क परमिटवरच छापून घेतलंय.