बेंदराचा बैल

डोक्याला फ्रेम लावलेला पेशंट आत आला की आमच्या वेटिंगमधलं बोलणं बंद पडतं. पोरं आईच्या पदराआड जातात. कपाळावर दोन आणि डोक्यामागे दोन अशा चार पिना कवटीच्या हाडात आवळलेल्या, त्यांना धरून चार खांब आणि खांबांना जोडलेली चेहऱ्याभोवतीची चौकट. भूल फक्त पिनांच्या जागी दिलेली असते. पेशंट चांगला जागा असतो आणि त्या चौकटीतून आपल्याकडे बघत असतो, हे लोकांना सोसत नाही.

त्या सकाळी आलेल्या मावशींनी मात्र सगळ्यांना हसवलं. तासगावकडच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, हयात बेदाण्याच्या शेडवर गेलेली. व्हीलचेअर आमच्या काचेच्या दारापाशी आली, त्यांनी काचेत स्वतःला बघितलं आणि म्हणाल्या, "बेंदराचा बैल केला की ओ माझा! आता शिंगांना शेंब्या तेवढ्या घाला." व्हीलचेअर ढकलणारे मामा खो खो हसले. मीही हसलो. त्यात काहीतरी बिनसलंय हे कळायला मला पाऊण तास लागला.

मी सीटी टेक्निशियन. सांगलीत सोळा वर्षं हेच काम करतोय. डॉक्टर नाही, मेंदूबद्दल पुढे जे लिहीन ते सर्जन सरांच्या पाठीमागे उभं राहून कानावर पडलेलं. फ्रेमच्या स्कॅनचं मात्र मला कळतं, आणि त्यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

मावशींच्या मेंदूत डाव्या बाजूला, पाण्याच्या पोकळीला चिकटून, खोलवर तीन सेंटीमीटरची गाठ होती. पंधरा दिवसांपूर्वीच्या एमआरआयमध्ये ती सगळीकडून सारखी चमकत होती. शेडवर बेदाणा निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या हिरवा आणि काळा एकाच पाटीत टाकायला लागल्या, बोलणं कमी झालं, दिवसभर नुसत्या बसून राहायच्या, तेव्हा मुलगा घेऊन आला. रिपोर्टात तीन शक्यता लिहिल्या होत्या आणि शेवटी नेहमीचं वाक्य: क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे लक्षणांशी ताडून बघा. लिम्फोमा, ग्लायोमा या दोन जातींच्या गाठींपैकी एक की टीबी? तिन्हीचे उपचार तीन दिशांना जातात. आमच्याकडे मेंदूत काही चमकलं की आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून बघायची फार जुनी खोड आहे. सरांना ती मान्य नाही. तुकडा काढायचा, तपासायचा, मग औषध.

पण तुकडा काढायचा कसा? वाटेत बोलण्याचा भाग, हातापायांच्या तारा. म्हणून कवटीला एक बारीक भोक आणि त्यातून सुई. सुईला दिसत नाही, त्यामुळे तिला आधीच आकडे द्यावे लागतात. स्वीडनचे मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांनी १९४९ साली मांडलेली रचना आजही तीच आहे. फ्रेम डोक्याला पक्की झाली की मेंदूतल्या प्रत्येक बिंदूला तीन आकडे मिळतात: आडवा, पुढचा-मागचा आणि उंचीचा. फ्रेमचा मध्य म्हणजे तिन्ही आकडे १००. आडवा आकडा १००च्या वर गेला की पेशंटची डावी बाजू, खाली आला की उजवी. नंतर फ्रेमवर कमान चढते, तिची त्रिज्या १९० मिलिमीटर. आकडे लावून कमान बसवली की सुई कमानीवर कुठूनही सरकवा, टोक जाणार त्याच बिंदूवर. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी सरांना तीनदा करून दाखवायला लावलं होतं.

ते आकडे निघतात माझ्या मशीनवर. स्कॅनपुरती फ्रेमला एक पेटी लावतात. तिच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी एन अक्षराच्या आकाराच्या कांड्या असतात, दोन उभ्या आणि मधून एक तिरपी. स्लाइस, म्हणजे चित्राचा आडवा काप, घेतली की प्रत्येक बाजूला तीन ठिपके दिसतात. कडेचे दोन जागचे हलत नाहीत. मधला मात्र स्लाइस जशी वर जाईल तसा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. म्हणजे मधला ठिपका कुठे आहे यावरून ती स्लाइस किती उंचीवरची ते कळतं. मशीनच्या टेबलावर विश्वास ठेवायची गरजच नाही. या एनची युक्ती १९७८ साली रसेल ब्राउन नावाच्या अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्याला सुचली. विद्यार्थ्याला, हे मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगतो. पोरं मोबाइलमधून मान वर करत नाहीत ते सोडा.

आणि हे स्कॅन म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. रोजच्या डोक्याच्या स्कॅनला गॅन्ट्री, म्हणजे मशीनचं गोल कडं, थोडी कलवायची सवय असते. इथे कल शून्य. स्लाइस एक मिलिमीटरची, मधे फट नाही. फ्रेम नेहमीच्या डोक्याच्या उशीत बसत नाही, तिचा वेगळा अडॅप्टर टेबलाच्या टोकाला आवळावा लागतो. रोजच्या मापाचं चित्र घेतलं तर बाजूच्या कांड्या कापल्या जातात. मागे मी रजेवर असताना बदली आलेल्या मुलाने नेमकं तेच केलं होतं. सगळं स्कॅन पुन्हा, गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध, कॉन्ट्रास्ट, तेही पुन्हा. सॉफ्टवेअर आकडे काढतंच, तरी मी कन्सोलवर कोपऱ्यातल्या ठिपक्यांना जोडणाऱ्या दोन तिरप्या रेषा मारतो. त्या छेदतात तिथे १००-१००. तिथून टार्गेटपर्यंतचं अंतर मोजून माझ्या वहीत लिहितो. ती वही अजून कुणी मागितलेली नाही. तरी लिहितो.

त्या दिवशी सगळं मनासारखं झालं. कॉन्ट्रास्ट गेलं, पाच मिनिटं थांबलो, स्कॅन घेतलं.  सहाच्या सहा ठिपके स्वच्छ. आणि गाठ नाही.

पहिला विचार आला तो स्वतःबद्दलचाच. कॉन्ट्रास्ट शिरेबाहेर गेलं असणार. आत पळालो, मावशींचा हात बघितला. सूज नाही, दुखत नाही. परत येऊन डोक्यामागच्या मोठ्या शिरेवर गोल काढून आकडा बघितला. साध्या स्कॅनमध्ये पन्नास-साठ असतो, तो शंभराच्या वर होता. म्हणजे औषध पोहोचलं होतं. मग पेशंट चुकीचा? नाव, वय, एमआरआयची फिल्म, सगळं जुळलं. जुन्या फिल्मवर जिथे गाठ होती तिथे आता फिकट धुरकट डाग होता, तोही माहीत असल्याशिवाय दिसला नसता. मी सरांना फोन लावला आणि म्हणालो, "सर, जरा खाली या." कशासाठी ते फोनवर सांगवेना.

सर स्क्रीनसमोर उभे राहिले, पुढे-मागे दोनदा स्लाइस फिरवल्या आणि म्हणाले, "मुलाला बोलवा."

मुलगा आला तो खुशीत. "सर, आक्काला लई गुण आलाय बघा. धा-बारा दिवसांत डोस्कं दुखायचं थांबलं, बोलायला लागली, परवा शेडवर जाऊन बायकांना शिव्या पण दिल्या." त्याच्या पिशवीत नारळ, टॉवेल आणि खाली एक गोळ्यांची पट्टी. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉईड. गावातल्या डॉक्टरांनी डोकेदुखीवर दिलेली.

स्टेरॉईडने कुठल्याही गाठीभोवतीची सूज उतरते. लिम्फोमाचं मात्र वेगळं असतं. त्याच्या पेशीच स्टेरॉईडने मरतात आणि गाठ फोटोतून पुसली जाते. बरी होत नाही, लपते. म्हणून तुकडा काढेपर्यंत स्टेरॉईड देत नाहीत. सरांनी फाईलवर लाल शाईने तसं लिहिलंही होतं. इंग्रजीत. ते ना मुलाला वाचता आलं, ना गावातल्या डॉक्टरांना कुणी फाईल दाखवली. त्या डॉक्टरांना तरी काय म्हणायचं? आमच्या भागात सुई किंवा गोळीने दुसऱ्या दिवशी गुण आला नाही तर तिसऱ्या दिवशी पेशंट दुसऱ्याच्या दारात असतो.

आता माझं. आदल्या संध्याकाळी मावशी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, तेव्हा कॉन्ट्रास्टचा फॉर्म मीच भरला. दमा आहे का, शुगर आहे का, ॲलर्जी, चालू औषधं. मुलगा म्हणाला, "डोकेदुखीची गोळी चालू हाय." मी लिहिलं: पेनकिलर. पट्टी त्याच्या पिशवीत होती, माझ्यापासून दोन हातांवर. दाखव म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कवटीत पिना गेल्या नसत्या. सर म्हणतात, तो तुमचा विषय नाही, फॉर्म किडनीसाठी असतो. खरं आहे. पण गप्प गप्प म्हणून आलेली बाई बेंदराच्या बैलाचा विनोद करते आणि आम्ही सगळे नुसते हसतो? सरांनी सकाळी पिना लावताना त्यांच्याशी गप्पा मारल्या होत्या. त्यांनाही वाटलं, आज बरी दिसतेय.

सरांचा असिस्टंट हुशार पोरगा आहे, पण घाईचा. तो म्हणाला, "सर, जुना एमआरआय आजच्या सीटीवर फ्यूज करू. टार्गेट मिळतंय, फ्रेम लावलीच आहे." त्याने दोन मिनिटांत करूनही दाखवलं. जुनी गाठ नव्या चित्रावर बरोबर जागेवर जाऊन बसली, आकडे आले, मिलिमीटरपर्यंत नेमके. सर म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. त्या आकड्यांवर आज आहे काय?" मेलेल्या पेशी येतील, पॅथॉलॉजिस्ट काहीच सांगू शकणार नाही, आणि रक्तस्रावाचा धोका तेवढाच राहील. मला आमचा २०१९चा पूर आठवला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि बाहेरून मदतीला आलेली पोरं मोबाइलवर रस्ते बघून बोट हाकत होती. नकाशात काही चूक नव्हती. मोठ्या शहरांत फ्रेमशिवायचं नेव्हिगेशन असतं, कॅमेरा हत्याराला लावलेल्या चमकत्या मण्यांवरून ते ओळखतो आणि पडद्यावर मेंदूत दाखवतो. तिथेही चित्र ऑपरेशनच्या आधीचंच, आणि कवटी उघडून पाणी वाहिलं की मेंदू खाली बसतो. हे सरांनीच सांगितलेलं.

फ्रेम काढली. मुलाला सांगायचं काम सरांनी स्वतः केलं. तो आधी समजला नाही, मग चिडला. गाठ नाही म्हणता तर आनंदाची गोष्ट, मग तोंडं पाडून का उभे आहात? आणि गाठ नव्हती तर आईच्या डोक्याला चार भोकं कशाला पाडली? दोन्ही प्रश्न त्याच्या जागी बरोबर होते. सरांनी आपली फी घेतली नाही. आमच्या सेंटरने स्कॅनचं बिल पूर्ण घेतलं. स्कॅन तर झालं ना, असं मालकांचं म्हणणं. त्यावर मी काही बोललो नाही, तेही इथे लिहून ठेवतो.

गोळ्या हळूहळू कमी करून बंद झाल्या आणि वाट बघणं सुरू झालं. दहा दिवसांनी त्या पुन्हा स्कॅनला आल्या. एमआरआयचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सीटीच. काही नाही. मावशी मजेत. माझ्यासाठी किलोभर बेदाणा आणला होता, हिरवा, लांब, एकसारखा. "बाजारातला न्हाई, माज्या हातानं निवडलाय." पिशवी मी कन्सोलच्या शेजारी ठेवली. येता-जाता तोंडात टाकायचो आणि मनात हिशेब चालायचा: गोळी बंद होऊन किती दिवस झाले, अजून किती लागतील. बाई चालतेय, बोलतेय, बेदाणा निवडतेय, आणि आम्ही चार-पाच शिकलेली माणसं तिची गाठ परत कधी येते याची वाट बघतोय. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, असलं काही मला सांगत जाऊ नका.

बेदाणा संपायच्या आधी मुलाचा फोन आला. आक्का परत तशीच करायला लागलीय.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा फ्रेम लागली. जुन्या पिनांचे डाग कपाळावर वाळलेले होते, नवीन पिना त्यांच्या शेजारी. लिम्फोमाच निघाला, केमो सुरू झाली, पण ते नंतर. त्या सकाळी मामांनी व्हीलचेअर आणली आणि काचेच्या दारापाशी मुद्दाम थांबवली. मावशींनी काचेकडे बघितलं. बघतच राहिल्या. मग मामांनीच खुर्ची आत ढकलली.

कल शून्य, स्लाइस एक मिलिमीटर, कॉन्ट्रास्ट, पाच मिनिटं. चित्रं येत गेली, ठिपका सरकत गेला, आणि बाविसाव्या की तेविसाव्या स्लाइसला ती दिसली. पांढरी, गोल, जागच्या जागी. मी जोरात "आहे!" म्हणालो. दाराबाहेर मुलगा उभा होता, त्याने आत डोकं घातलं.

"घावली का?"

"घावली."

"बरं झालं बघा," तो म्हणाला, आणि दोन्ही हात जोडले.

मी वही उघडली. महिन्यापूर्वीच्या तारखेपुढे त्यांच्या नावाचे तीन रकाने कोरेच होते. त्याखाली नवीन तारीख टाकली. आडवा आकडा, १२३.