बाल्कनीतले बटाटे

जानेवारीतल्या संकष्टीला दुपारी एअर फ्रायरचा ट्रे ओढला, तर काचऱ्या काळपट तपकिरी झालेल्या आणि कडा करपलेल्या. 180 अंश, बारा मिनिटं, माप नेहमीचंच होतं. एक काचरी तोंडात टाकली. आधी गोड लागली, मग कडू. डिसेंबरात याच यंत्रात सोनेरी, कुरकुरीत काचऱ्या निघाल्या होत्या. यंत्रच बिघडलं अशी माझी खात्री झाली. नवऱ्याने बिलसुद्धा शोधून काढलं.

तेवढ्यात बेल वाजली. जिन्यात करपल्याचा वास गेला होता आणि खालच्या मजल्यावरच्या आजी काळजीने वर आल्या होत्या. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणते. तोंडावर आडनावानेच हाक मारते, कारण इथे जर्मनीत, हानोफरमध्ये, चार वर्षांच्या शेजारानंतरही आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो. त्यांनी ट्रे पाहिला, यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि विचारलं, "बटाटे कुठे ठेवता तुम्ही?"

बाल्कनीत. पाच किलोची जाळीची पिशवी, वर जुना टॉवेल. घरात हीटर चालू असल्यामुळे आठवड्याभरात कोंब फुटतात. बाहेर मात्र फुकटचा गारवा, दिवसा दोन-तीन अंश आणि रात्री शून्याच्या आसपास. मला वाटायचं, याहून चांगलं कोल्ड स्टोरेज कुठलं!

आजींनी एक बटाटा उचलला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाल्या, "यांना थंडी लागलीय."

रात्री बसून मी याबद्दल वाचून काढलं. फार गारठ्यात बटाटा आपल्यातल्या पिठाची साखर करायला लागतो. 6 अंशांच्या खाली ते वाढत जातं. ही साखर आणि बटाट्यातलंच अॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल 120 अंशांच्या वर एकत्र तापलं की रंग झपाट्याने चढतो आणि अॅक्रिलामाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसला आहे. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते असतं हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये जाहीर केलं, आणि 2018 पासून युरोपियन युनियनने खाद्य व्यावसायिकांसाठी त्याबद्दल नियमच लागू केले. उकडलेल्या बटाट्यात ही भानगड नाही, कारण उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या पुढे जातच नाही. म्हणजे यंत्र निर्दोष होतं. बटाटाच गोड झाला होता.

गोड बटाटा! हे शब्द डोक्यात आले आणि मी सरळ आईला मंचरला फोन लावला. आईचं पहिलं वाक्य: "अगं, कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोड निघतो हे तुला मी सांगायचं? वेफर्सना घेतो का आपण तो कधी?"

नाही घेत. लहानपणापासून बघत आलेय. पुण्याच्या मंडईत मावशी "आग्रा की तळेगाव?" असं, म्हणजे बटाटा कुठला ते, विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. उन्हाळ्यात किसाला आणि वेफर्सना बटाटा घ्यायचा तर आई आधी एक चिरून दोन चकत्या तळून बघते. लाल झाल्या की तो ढीग भाजीला, वाळवणाला दुसरा. आईला अॅस्परॅजिन माहीत नाही, पण चकतीचा रंग कळतो. आणि मी, तिची मुलगी, परदेशात येऊन हेच जर्मन आजींकडून शिकले, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला तळघरात नेलं. प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांची एकेक खोली आहे, आमच्या खोलीत सुटकेस आणि सायकली होत्या. त्यांच्या खोलीत अंधार होता, मातीचा वास होता आणि कोपऱ्यात पट्ट्यांच्या खोक्यात बटाटे होते. खोकं विटांवर ठेवलेलं, खालून हवा खेळावी म्हणून. वर गोणपाट, कारण उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो आणि त्यातलं सोलॅनिन वाढतं. ते शिजवूनही जात नाही. मी हिरवा भाग कापून बाकीचा वापरायचे. आजी जास्त हिरवा झालेला अख्खा बटाटा टाकून देतात. यात मी आता त्यांच्या बाजूची झालेय. भिंतीवरच्या थर्मामीटरवर 7 अंश होते. कांदे दुसऱ्या भिंतीला, लांब. त्यांनी न विचारता खोक्याची अर्धी जागा रिकामी केली आणि म्हणाल्या, "ही तुमची."

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी, इथून जवळच्या ल्यूनेबुर्ग हीथमधल्या खेड्यात, तळघरात न मावलेले बटाटे शेतातच ढीग करून ठेवायचे. खाली पेंढा, वर पेंढा, त्यावर माती. त्या ढिगाला म्हणायचे 'मीटं'. मला हा शब्द फक्त घरभाड्यासाठी माहीत होता, म्हणून मी दोनदा विचारून खात्री केली. आणि मला एकदम सातगाव पठारावरचं मामाचं शेत दिसलं. खरिपाचा बटाटा काढला की भाव येईपर्यंत तोही बांधाच्या सावलीला ढीग लावून, पाल्याने झाकून ठेवायचा. आमच्याकडे त्याला आरण म्हणतात. मी आजींना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "पण माती कुठाय?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे बर्फ पडत नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं.

मला इथल्या लोकांचं कौतुक करायचंच आहे. बटाट्याच्या पिशवीवर नुसतं 'बटाटा' लिहिलेलं नसतं. शिजल्यावर घट्ट राहणारा, मधला आणि पिठूळ, असे तीन प्रकार ठळक छापलेले असतात, बहुतेकदा हिरव्या, लाल आणि निळ्या पट्टीने. आठवडी बाजारातला शेतकरी तर आधी विचारतो, काय करणार आहात? रस्सा म्हटलं तर घट्ट देतो. बटाटेवड्याचं सारण समजावायला मला पाच मिनिटं लागली, पण त्याने पिठूळच दिला आणि सारण आईसारखं झालं. आपल्याकडे हे पिशवीवर का छापत नाहीत याचा मला मनापासून राग येतो. पण म्हणून "त्यांना कळतं, आपल्याला कळत नाही" असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. बटाटा मुळात दोघांचाही नाही. आपण त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजांकडून घेतलं, आणि इथे तो लोकांनी लावावा म्हणून प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला 1756 मध्ये हुकूम काढावा लागला. पॉट्सडॅमला त्याच्या समाधीवर लोक आजही बटाटे ठेवतात, मी स्वतः पाहिलेत. त्यांनी ज्ञान छापून ठेवलं, आपल्या बायकांनी हातात ठेवलं.

एअर फ्रायरवरून मला भारतातून बरंच ऐकावं लागतं. "आजाऱ्याचं खाणं" हा मोठ्या नणंदेचा शब्द. त्यांनी आमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. हॉल आणि ओटा एकाच खोलीत, खिडकी एकच, आणि तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायची सोय नाही, बाटलीत भरून टाकावं लागतं. काचऱ्यांसाठी मी कढई काढत नाही, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. बटाटेवडा मात्र तळलेलाच. ओलं पीठ त्या जाळीतून गळून जातं.

काचऱ्यांचं माप आता पक्कं झालंय. अर्धा किलो बटाटे, तळघरातले. चिरून अर्धा तास गार पाण्यात, मग फडक्याने अगदी कोरडे. हे कोरडं करणं चुकलं तर काचऱ्या मऊ पडतात. चमचाभर तेल, जिरं, मिरची. 175 अंश, सात मिनिटांनी हलवायचं, आणि रंग सोनेरी झाला की घड्याळ न बघता काढायचं. मीठ आणि ओलं खोबरं बाहेर काढल्यावर.

बाल्कनीतले उरलेले बटाटे मी टाकले नाहीत. आजींच्या सांगण्यावरून ते दोन आठवडे घरात, कपाटात, अंधारात ठेवले. उबेत साखर थोडी उतरते. नंतर दोन चकत्या आईसारख्या तळून पाहिल्या. पूर्वीइतक्या काळ्या नाही झाल्या, पण सोनेरीही नाही. मग भाजी केली.

आता एप्रिल आहे. तळघरातल्या खोक्यात तळाला राहिलेल्यांना जांभळट, बुटके कोंब आलेत. आजींनी त्यातले चार निवडून दिले आणि बादलीत लावायला सांगितलं. बादली बाल्कनीतच ठेवायची आहे, पण मे मध्यापर्यंत रोज रात्री आत घ्यायची, असं त्यांनी दोनदा बजावलंय. काल रात्री मी झोपेतून उठून ती आत आणली.