तुम्ही विचारलंत म्हणून: रश सोडून ट्रायम्फ का?

मंडळाचा गणपती असो, लेकाचे मित्र असोत की ऑफिसातली जेवणाची सुट्टी, प्रश्न तोच. "काका, टोरोंटोकडचा तिघांचाच रॉक बँड ऐकायचा तर रश आहे की! ट्रायम्फ काय घेऊन बसलात?" आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्याला नुसतं पाठवून देईन.

रश मोठा, कबूल. नील पर्टसारखा ड्रमर पुन्हा होणे नाही, तेही कबूल. दर वेळी आधी हे वदवून घेता, त्याचाच राग येतो.

मी डोंबिवलीहून टोरोंटोशेजारच्या मिसिसागाला आलो १९८९ मध्ये. गोदामात रात्रपाळी. सोबतच्या एकाने ट्रायम्फच्या 'अलाइड फोर्सेस'ची कॅसेट हातात ठेवली, तीही आठ वर्षं जुनी, १९८१ ची. त्यांचा गिटारवाला आणि गायक रिक एमेट १९८८ मध्येच बँड सोडून गेलेला. म्हणजे मी लग्नाला पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. त्या कॅसेटवर 'मॅजिक पॉवर' हे गाणं होतं. दिवस वाईट गेलेली एक मुलगी डोक्यावर पांघरूण ओढून रेडिओ लावते, एवढीच गोष्ट. सकाळी सहाला तळघरातल्या खोलीत मी तेच करत होतो. रशच्या '२११२' अल्बममधलं अंतराळ तेव्हा माझ्या काय कामाचं होतं?

तरी एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. लेक चौदाचा असेल. ड्रम शिकायचा, रशचा भक्त. त्याला आणि त्याच्या मित्राला क्लासला सोडायला निघालो होतो, मेव्हिस रोडवरून. तिथेच मेटलवर्क्स आहे, ट्रायम्फने स्वतःसाठी उभारलेला आणि पुढे त्यांचा ड्रमर गिल मूरने चालवलेला स्टुडिओ. पोरांना दाखवावा म्हणून मी गाडी हळू केली आणि नेमकं रेडिओवर 'मॅजिक पॉवर' लागलं. मित्राने लेकाकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघायला लागला. आणि मी, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, हसून म्हणालो, "हे म्हणजे गरिबाचं रश," आणि स्टेशन बदललं. स्टुडिओ मागे गेला, दाखवायचा राहिला. दोन सिग्नल कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून तो मित्र बारीक आवाजात तेच गाणं गुणगुणायला लागला. शब्द पाठ होते त्याला.

चौदा वर्षांच्या पोरासमोर शहाणं दिसायचं होतं मला, दुसरं काय.

त्यानंतर भरपाई म्हणून मी भांडायला लागलो. "रश डोक्याचं, ट्रायम्फ काळजाचं," असं ऐकवायचो. दिसायला छान, पण खोटं. 'अलाइड फोर्सेस'वरच एमेटची 'पेतीत एत्यूद' आहे, क्लासिकल गिटारवर मिनिटभराची. ती काय डोक्याशिवाय वाजते? आणि रशला काळीज नाही म्हणणाऱ्याने त्यांचं काही ऐकलेलंच नसावं. तेव्हा ते वाक्य मी मागे घेतो. त्याच्या जागी ठेवायला दुसरं सापडलेलं नाही.

उणी बाजूही सांगतो. ट्रायम्फचा 'द स्पोर्ट ऑफ किंग्ज' हा अल्बम मी अख्खा कधीच ऐकत नाही. त्यातले कीबोर्ड सनमायका लावल्यासारखे वाटतात. तिघांचा बँड म्हणायचं, तर शेवटच्या दौऱ्यांत स्टेजवर चौथा गिटारवाला लागला. गाण्यांतला उपदेश कधी कधी शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखा. पण मूर ड्रम बडवता बडवता खरखरीत आवाजात गातो, पुढच्या गाण्यात एमेटचा आवाज सरळ वर चढतो, खाली माइक लेव्हिनचा बेस गुपचूप वजन उचलतो. एका बँडमध्ये असे दोन गायक. त्यांचं पटेना यात नवल ते काय? मला मात्र त्यांचं न पटणंच ऐकायला आवडतं.

वीस वर्षांनी, २००८ मध्ये, तिघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. बँड मिसिसागाचा, मी मिसिसागाचा, आणि कार्यक्रम कुठे? स्वीडन आणि ओक्लाहोमा! रजा नव्हती. खरं तर होती. पैसे नव्हते असंही नाही. एमेटचा आवाज तिथे चढला नसता तर? तिकीट काढलं नाही ते त्या भीतीने.

परवा लेक आला होता. गाडीत त्याने रशचा 'मूव्हिंग पिक्चर्स' लावला. मी स्टेशन बदललं नाही. चांगलाच आहे तो. १९८१ चाच.