दादाचा ब्लॉक मागून घेतला म्हणून कळलं

आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. थोरल्या मामाला आतड्याचा झाला होता. मग बेचाळिसाव्या वर्षी दादाला मोठ्या आतड्याचा निघाला. ऑपरेशन झालं, केमो लागली, पण घरात आणखी कोणाला होता का, हे हॉस्पिटलात कोणीच विचारलं नाही. कुडाळला घरी देवाला गाऱ्हाणं घालून झालं होतं.

हे तिन्ही कॅन्सर एका धाग्यातले असू शकतात. तो धागा म्हणजे लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष. यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एखादं जनुक जन्मापासून बिघडलेलं असतं आणि ते मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आतड्याच्या दर शंभर कॅन्सरमागे साधारण तीन यातले. इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की आतड्याचा कॅन्सर निघालेल्या प्रत्येकाच्या गाठीची लिंचसाठी तपासणी करा, वय काहीही असो. आमच्याकडे डॉक्टरने लिहून दिली तर होते. हा फरक मला फार लागला, कारण तपासणी काही अवघड नाही.

गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, तो ब्लॉक. "रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला?" असं खिडकीवर ऐकावं लागलं. अर्ज, दादाची सही, आधारची झेरॉक्स दिल्यावर तो हातात आला. प्लॅस्टिकच्या चौकटीत पांढरं मेण, मधे नखाएवढा करडा तुकडा, कडेला नंबर. मुंबईत त्यावर आयएचसी केली, म्हणजे दुरुस्तीची प्रथिनं गाठीत आहेत का हे रंग देऊन पाहिलं. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही दोन्ही प्रथिनं गायब होती, म्हणजे लिंचचा संशय.

मग दादाचं रक्त. जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी मामा, मावश्या, सगळ्यांची वंशावळ काढून घेतली. वहिनी म्हणाली, "भावजी, आता ह्या काय नवीन?" मुलीच्या काळजीने म्हणाली, मला कळत होतं.

दादाच्या रक्तात दोष सापडल्यावर माझी तेवढ्याच एका दोषासाठी तपासणी झाली. माझ्यातही आहे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून पाहिल्यावर, एक पॉलिप (आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) निघाला, तो तिथेच काढला. आता दर एक-दोन वर्षांनी करायची. पुतणीला पंचविशीपासून लागेल, तीही तिच्या रक्तात दोष असला तरच.

मावशीच्या मुलांना रिपोर्ट पाठवलाय. थोरला रक्त द्यायला तयार आहे. धाकटा नको म्हणतो, शिमग्याला वेंगुर्ल्याला येईल तेव्हा समोर बसून बोलणार आहे.