नुसत्या सुईवर खांदा मोकळा झाला

इचलकरंजीत पेन क्लिनिक म्हणजे मान-खांद्याचे पेशंट रोजचेच, लूमवर उभे राहणारे, शिलाई करणाऱ्या बायका. पण त्या दिवशीच्या मावशींची केस लिहावीशी वाटली, कारण ट्रिगर पॉइंटला, म्हणजे स्नायूत धरलेल्या दुखऱ्या गाठीला, कुठलं इंजेक्शन चांगलं हे मला सतत विचारलं जातं.

मावशी ब्लाऊज शिवतात, पन्नाशीच्या, शुगर आहे. उजवा खांदा पुढून ठणकायचा, कळ दंडातून मनगटापर्यंत, त्या कुशीवर झोपताच येईना. एमआरआयमध्ये मानेची गादी जराशी सरकलेली दिसली म्हणून गळ्यात पट्टा आला, मग एका ठिकाणी खांद्यात पुढून स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं, थोडे दिवस बरं वाटलं आणि शुगर तीनशेच्या वर गेली. सोबत मुलगा होता, त्याने बोटॉक्सचं कुठंतरी वाचलेलं. "खर्चाचं बघू नका डॉक्टर, भारीतलं द्या."

मी आधी हाताने तपासलं. मागे फऱ्यावर इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू असतो, त्यावर बोट आडवं फिरवलं तर तारेसारखा ताठ पट्टा लागला आणि त्यात गाठ. दाबल्याबरोबर मावशी, "आयो! हेच दुखतंय, पण तुम्ही मागं दाबताय आन् कळ पुढं येतीया!" या स्नायूचं दुखणं असंच पुढे फेकलं जातं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा कळांचे नकाशेच काढून ठेवलेत, आणि ते माहीत नसेल तर माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या जागी टोचून घेतो.

आता द्यायचं काय? स्टेरॉइड नकोच, शुगर तर आहेच पण गाठीत त्याचा वेगळा फायदा दिसलेला नाही, वरून स्नायू आणि कातडीला त्रास. बोटॉक्स महाग, आणि उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यातही या दुखण्यासाठी त्याचा ठोस पुरावा सापडला नाही. मी नेहमी पातळ केलेलं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध वापरतो, स्वस्त आहे आणि टोचल्यानंतरची ठसठस कमी राहते. पण मावशींना दाताच्या डॉक्टरकडे भुलीच्या इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून धाप लागलेली, जुना कागद कुठलाच नाही. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार क्वचित असते, तरी टेस्ट झाल्याशिवाय मी ती जोखीम घेणार नव्हतो. राहिलं ड्राय नीडलिंग, नुसती बारीक सुई, आत काहीच सोडायचं नाही.

मुलगा म्हणाला, "औषधच नाही तर फरक कसा पडणार?" रास्त प्रश्न. त्याला सांगितलं, लेविट नावाच्या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्येच लिहिलंय की सुई नेमक्या जागी बसली तर नुसत्या सुईनेही आराम पडतो, आणि १९९४ मध्ये होंग यांनी लिग्नोकेन आणि कोरडी सुई यांची तुलना केली तेव्हा सुईने स्नायू फडफडला तर दोन्हीकडे आराम दिसला, कोरड्या सुईनंतर दुखलं मात्र जास्त. हे जास्त दुखणं मावशींना आधीच स्पष्ट सांगितलं, त्या म्हणाल्या, "टोचा, रात्री झोप लागू दे म्हणजे झालं."

दोन बोटांमध्ये गाठ धरली, सुई घातली, किंचित मागे घेऊन दिशा बदलली आणि बोटांखाली स्नायू टचकन उडाला, कातडीवरूनही दिसला. मावशींची कळ पार मनगटापर्यंत गेली. परत, परत, मग उडणं थांबलं आणि पट्टा सैल लागला. मी म्हणलं, हात मागे न्या. आल्या तेव्हा अंगठा कमरेपाशीच अडकत होता, आता ब्लाऊजच्या हुकापर्यंत गेला. मुलगा बघतच राहिला, मलाही फार बरं वाटलं.

दोन दिवस चांगलंच ठसठसलं, गरम शेक घेतला, मग कुशीवर झोप लागायला लागली. थायरॉइड, व्हिटॅमिन डी तपासायला दिलंय, ॲलर्जी टेस्टला पाठवलंय, रोजचं स्ट्रेचिंग मुलासमोर करून घेतलं आणि मशीनसमोरचं स्टूल उंच करायला सांगितलं, कारण खांदा उचलून शिवत राहिल्या तर गाठ परत धरणार. मानेजवळच्या ट्रॅपेझियस स्नायूत अजून एक गाठ आहे, तिथे खाली फुफ्फुस असल्याने स्नायू चिमटीत वर उचलूनच टोचावं लागतं, ते पुढच्या वेळी.